हायड्रोजन उणे बहात्तर येतोय, कुठे चुकतंय?

कोकमआगळ

नमस्कार मंडळी. मुलगी अकरावी सायन्सला आहे, तिच्या वतीने विचारतेय. आम्ही आचऱ्याच्या अलीकडे राहतो. रेंज फक्त पडवीच्या एका खांबापाशी येते, त्यामुळे तिचा ऑनलाइन क्लास आणि माझं रातांबे फोडणं एकाच जागी चालतं. तिच्या वहीच्या कोपऱ्यांवर लाल बोटं दिसतात ती माझी.

गणित असं. १२ मिली वायुरूप हायड्रोकार्बन पूर्ण जळायला ३०० मिली हवा लागली. हवेत ऑक्सिजन आकारमानाने २० टक्के धरायचा. जळल्यावर सगळं पुन्हा खोलीच्या तापमानाला आणलं तेव्हा २७६ मिली वायू उरला. रेणुसूत्र काढा.

क्लासात सांगितलंय की रेणूत कार्बन क्ष आणि हायड्रोजन य असतील, तर एका आकारमानाला ऑक्सिजन लागतो क्ष + य/४ आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो क्ष. तिने २७६ ला १२ ने भागलं, क्ष आला २३. ऑक्सिजन ३०० चे २० टक्के म्हणजे ६०, त्याला १२ ने भागून ५. मग २३ + य/४ = ५. म्हणजे य = उणे ७२.

मी बारावी सायन्सपर्यंत शिकले, त्याला आता तेवीस वर्षं झाली. केमिस्ट्रीतलं फारसं काही उरलेलं नाही, पण हायड्रोजन उणे नसतो एवढं उरलंय.

आणखी एक, हे माझं स्वतःचं. मिलीला मिलीने भागून कार्बनची संख्या कशी काय येते? मी एक पेला तांदूळ आणि एक पेला चवळी घेतली तर दाणे काही सारखे निघत नाहीत. मुलीला विचारलं तर म्हणाली, "आई, तसा नियम आहे." असेल, पण का आहे?

खडू_आणि_फडकं

ताई, तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला आहे. तरी आधी पहिला मिटवू, नाहीतर मुलगी रागावेल.

३०० मिली हवेतला ६० मिली ऑक्सिजन. उरलेला २४० मिली नायट्रोजन कुठे गेला? कुठेच नाही. नायट्रोजन म्हणजे लग्नाला येऊन खुर्ची अडवणारा, पण पंगतीला न बसणारा पाहुणा. आला तसा बाहेर पडतो. म्हणून २७६ मधून २४० वजा करा. ३६ उरले, तो कार्बन डायऑक्साइड. ३६ ÷ १२ = ३. आता ३ + य/४ = ५, म्हणजे य = ८. सी३एच८, प्रोपेन. तुमच्या सिलिंडरमध्ये ब्युटेनबरोबर असतो तोच.

ऑक्सिजन शिल्लक का नाही धरला? कारण "पूर्ण जळायला इतकी हवा लागली" असं लिहिलंय, म्हणजे मोजून तेवढीच दिली. "जास्तीचा ऑक्सिजन" असा शब्द असता तर शिल्लक धरावी लागली असती. हे दोन शब्द पेन्सिलीने अधोरेखित करायची सवय लावा तिला.

आणि पाणी? प्रोपेनच्या एका रेणूपासून पाण्याचे चार होतात, म्हणजे इथे ४८ मिली वाफ झाली असणार. पण खोलीच्या तापमानाला तिचं पाणी होतं, आणि ते किती, तर एक थेंबसुद्धा पुरता भरत नाही. वाफेचे ४८ मिली नळीतून नाहीसे होतात आणि काचेला नुसता दमटपणा राहतो. म्हणून गणितात पाणी शून्य.

आता तांदूळ आणि चवळी. दाणे एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून दाण्याच्या आकाराला महत्त्व. वायूत तसं नाही. आपल्या नेहमीच्या दाबाला दोन रेणूंमधलं अंतर रेणूच्या आकाराच्या साधारण दहापट असतं. पेल्यात बहुतेक सगळी रिकामी जागाच. मग रेणू मिथेनचा असो की ब्युटेनचा, जागा अडते ती त्याच्या धावपळीने, अंगाने नाही. तापमान आणि दाब सारखे असले की एका पेल्यात रेणू तितकेच. गे-ल्युसॅकने १८०८ साली दाखवलं की वायू एकमेकांशी आकारमानाच्या साध्या पूर्णांकी प्रमाणात संयोग पावतात, दोनास एक, एकास तीन असे. असं का होतं, ते अॅव्होगॅड्रोने १८११ मध्ये सांगितलं. गंमत म्हणजे ते लोकांच्या गळी उतरायला पुढची जवळजवळ पन्नास वर्षं गेली, त्यामुळे तुम्हाला तेवीस वर्षांनी शंका आली तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बॉयलर_फर्स्टक्लास

मी मास्तर नाही, पण या विषयाशी माझा हाताने संबंध आलेला आहे. लोट्याला, एमआयडीसीत, बॉयलरवर अठ्ठावीस वर्षं काढली. चिमणीतला वायू ऑर्सॅट नावाच्या उपकरणावर तपासायचो. म्हणजे ताईंच्या मुलीचंच गणित, फक्त रोज आणि काचेच्या नळ्यांत.

१०० मिली वायू ब्युरेटमध्ये ओढायचा. ब्युरेटभोवती पाण्याची दुसरी काच असते, का तर भट्टीजवळ तापमान सारखं हलतं आणि वायू लगेच फुगतो. मग तो वायू पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) नळ्यात ढकलायचा, परत ओढायचा, पुन्हा ढकलायचा. जितका कमी झाला तितका कार्बन डायऑक्साइड. नंतर पायरोगॅलॉलचा नळा, तो ऑक्सिजन खातो. शेवटी क्युप्रस क्लोराइड, कार्बन मोनॉक्साइडसाठी. उरला तो नायट्रोजन, सरांचा खुर्ची अडवणारा पाहुणा.

हा क्रम उलटा करून चालत नाही. पायरोगॅलॉलमध्ये पोटॅश असतंच, ते ऑक्सिजनबरोबर कार्बन डायऑक्साइडही गिळून टाकतं, मग कोण किती होतं ते कळायला मार्ग नाही. एका नव्या पोराने उलटं केलं होतं. ऑक्सिजन एवढा दाखवला की साहेब म्हणाले, भट्टी पेटलेली होती ना?

दुसरी चूक आकडा वाचण्यातली. ब्युरेटला रबरी नळीने एक बाटली जोडलेली असते. तिच्यातली पाण्याची पातळी आणि ब्युरेटमधली पातळी एका रेषेत धरूनच आकडा वाचायचा. बाटली खाली टेबलावर ठेवून वाचलात तर आतला दाब कमी, वायू फुगलेला, आकडा जास्त. गणितात "त्याच तापमानाला व दाबाला" अशी ओळ असते, ती मुलं वाचत नाहीत. त्या ओळीसाठी आम्ही हात वर करून उभे राहायचो.

कोकमआगळ

दोघांचेही आभार. प्रोपेन बरोबर आलं, उत्तरातही तेच आहे. मुलीने नायट्रोजनपुढे वहीत "पाहुणा" असं लिहून ठेवलंय.

पण आता पुढचं घ्या. लाइट गेलीय, मोबाइलवर टाइप करतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

२० मिली हायड्रोकार्बन आणि १५० मिली ऑक्सिजन (हा जास्तीचा, आम्ही अधोरेखित केलं). ठिणगी दिली. थंड झाल्यावर १३० मिली. पोटॅशच्या द्रावणातून काढल्यावर ६० मिली. या वेळी नायट्रोजन नाही, शुद्ध ऑक्सिजन आहे. पोटॅशने खाल्ले ७०, म्हणून क्ष = साडेतीन. ऑक्सिजन शिल्लक ६०, म्हणजे वापरला ९०, भागिले २०, साडेचार. साडेतीन वजा केल्यावर १, य = ४.

साडेतीन कार्बन. माझ्याकडे साडेतीन किलो आमसुलं असतात, पण अणू?

कसाबसा_पास

ताई, सोपं आहे. अपूर्णांक आला की दोनने गुणायचं. सी३.५एच४ चं सी७एच८. टोल्युइन! थिनरमध्ये असतं ते. मी पण असंच करायचो.

खडू_आणि_फडकं

आणि म्हणूनच कसाबसा.

रागावू नका, पण ही चूक दरवर्षी वर्गातली निम्मी मुलं करतात, तेव्हा जरा थांबून सांगतो. दोनने गुणायचं ते वजनाच्या टक्केवारीच्या गणितात. तिथे तुमच्या हाती फक्त प्रमाण येतं, कार्बनला हायड्रोजन किती एवढंच, आणि प्रमाण कितीनेही गुणलं तरी बदलत नाही. इथे हाती येतं ते प्रमाण नाही, मोजदाद आहे. एका आकारमान वायूतून तीन आकारमान कार्बन डायऑक्साइड निघाला, तर एका रेणूत तीनच कार्बन, सहा नाहीत. टक्केवारीतून मूलानुपाती सूत्र मिळतं आणि मग रेणुवस्तुमान वेगळं शोधत बसावं लागतं. आकारमानातून थेट रेणुसूत्र. या पद्धतीची सगळी किंमत त्यात आहे, आणि दोनने गुणलंत की ती तुम्ही फेकून देता.

टोल्युइन ताडून बघा. २० मिली टोल्युइनपासून १४० मिली कार्बन डायऑक्साइड यायला हवा, आला ७०. ऑक्सिजन लागेल सात अधिक दोन, नऊपट, म्हणजे १८० मिली. नळीत होता १५०. शिवाय टोल्युइन उकळतं १११ अंशाला, खोलीच्या तापमानाला ते बाटलीत पडून राहील, वायू म्हणून मोजणार कसं?

मग साडेतीनचा अर्थ काय? दोन शक्यता. एक, नळीत एकच वायू नव्हता, मिश्रण होतं, आणि साडेतीन ही सरासरी आहे. तीन कार्बनवाले आणि चार कार्बनवाले रेणू अर्धे-अर्धे. पण प्रश्नात "एक हायड्रोकार्बन" म्हटलंय. दोन, आकडा चुकलाय. आणि इथे अडचण अशी की अज्ञातं दोन, माहितीही दोनच, ताळा बघायला तिसरा आकडा हाताशी नाही. स्फोटानंतर आकारमान किती घटलं ते तपासून काही निष्पन्न होत नाही, ते याच आकड्यांतून निघतं. तेव्हा फक्त उत्तराकडे बघून ओळखायचं. क्ष पूर्णांक हवा, य सम हवा, आणि य कधीही क्षच्या दुपटीपेक्षा दोनहून जास्त नको, कारण कार्बनला हात चारच.

ताई, ते १३० नीट बघाल का? १२० असतं तर पोटॅशने खाल्ले ६०, क्ष = ३, य/४ = दीड, य = ६. प्रोपीन. किती सुबक येतं बघा.

बॉयलर_फर्स्टक्लास

सर, आम्हाला असा सुबक आकडा अठ्ठावीस वर्षांत एकदाही मिळाला नाही.

कोकमआगळ

मुलीने मैत्रिणीला फोन लावला. तिच्याकडे छापील पेपर आहे, त्यात १२०. आमच्याकडे आलेला फोटो व्हॉट्सअॅपवरून तीन जणींच्या हातून आलेला, त्यात दोनाचं शेपूट आत वळलेलं दिसतं. मीच तिला "तीन आहे गो तां" असं ठासून सांगितलं होतं. आता घरात माझं नाव साडेतीन पडलंय.

सर, बाय, म्हणजे मुलगी, विचारतेय (आणि मीही): आमच्या परसात गोबर गॅस आहे. सासऱ्यांनी बांधलेला, अजून दोन वेळचा चहा आणि भात त्यावर होतो. त्याचं रेणुसूत्र असं काढता येईल का? तिला प्रोजेक्ट करायचाय. ठिणगीसाठी गॅसचा लायटर चालेल का असं विचारत होती, मी लायटर उचलून फडताळात ठेवला.

खडू_आणि_फडकं

लायटर तिथेच असू द्या. कुलूप असेल तर तेही लावा. मिथेन आणि ऑक्सिजनचं मिश्रण काचेच्या नळीत उडवायचं काम जाड काचेच्या, खास त्यासाठी केलेल्या नळीतच होतं, घरच्या बाटलीत केलं तर काच डोळ्यात जाईल. यात गंमत नाही.

बाकी प्रोजेक्टची कल्पना झकास आहे, आणि थोर परंपरेतली. व्होल्टाने, तोच बॅटरीवाला, १७७६ मध्ये इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी चिखल काठीने ढवळून वर येणारे बुडबुडे गोळा केले आणि ते जळतात हे पाहिलं. तो वायू म्हणजे मिथेन. पुढे बंद नळीत विजेच्या ठिणगीने वायू उडवून आकारमान मोजायचं उपकरणही त्यानेच बनवलं. आपल्याकडे खाजणात पाय रुतला की बुडबुडे येतात, तोच हा प्रकार.

पण गोबर गॅस म्हणजे एक वायू नव्हे. साधारण ६० टक्के मिथेन, ४० टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि ज्याला सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड थोडासा. तो तसाच जाळला असं कागदावर मांडा: १० मिलीत मिथेन ६, कार्बन डायऑक्साइड ४. ऑक्सिजन लागेल १२. शेवटी कार्बन डायऑक्साइड ६ नवा, ४ जुना, एकूण १०. न बघता सूत्रात टाकलंत तर क्ष = १, आणि १ + य/४ = १.२, म्हणजे य = ०.८. एका कार्बनला पाऊण हायड्रोजन! आधी पोटॅशमधून धुऊन घेतला तर ६ मिली उरतो, ऑक्सिजन १२, कार्बन डायऑक्साइड ६, क्ष १, य ४. बघा, आधी धुतलं की नाही त्यावर सगळं अवलंबून.

आणि ते धुणं मात्र घरी करता येईल, विस्तवाशिवाय. पोटॅश नको, हात भाजेल. चुन्याची निवळी घ्या. केमिस्टकडे ५० मिलीची सिरिंज मिळते, सुई न लावता. चूल बंद असताना, उघड्यावर, तिच्यात १० मिली गॅस ओढा. मग ४० मिली स्वच्छ निवळी ओढा, तोंड बोटाने बंद करून पाच मिनिटं हलवा. जास्त निवळी का सांगतोय? चुना पाण्यात फार कमी विरघळतो, लिटरला जेमतेम दीड ग्रॅम. लिटरभर निवळी फार तर अर्धा लिटर कार्बन डायऑक्साइड धरते. चार मिलीला आठ मिली निवळी हिशेबाने लागेल, आपण सढळ हाताने देऊ.

बॉयलर_फर्स्टक्लास

माझी दोन वाक्यं. आकडा वाचताना सिरिंज उभी धरा आणि तोंड पाण्याच्या भांड्यात बुडवून मगच बोट काढा, म्हणजे आतला वायू कमी झाला तेवढं पाणी वर चढेल आणि दाब बाहेरच्याइतका होईल. आणि सिरिंज हाताच्या मुठीत धरून ठेवू नका, वायू गरम होतो.

खडू_आणि_फडकं

मेस्त्रींचं बरोबर. शिवाय पाण्यावर मोजलेल्या वायूत पाण्याची वाफ असतेच. ३० अंशाला ती ७६० पैकी ३२ मिलिमीटर दाब धरून बसते, म्हणजे शंभरातले चार. जुने लोक पाण्याऐवजी पारा वापरायचे ते यासाठी, आणि कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो म्हणूनही. तुमच्या पडवीत मे महिन्यात याहून जास्त अचूकता मागणं अन्याय होईल.

कोकमआगळ

केलं. परसात, रातांब्याची टोपली बाजूला सारून. चुना आमच्याच खाडीतल्या शिंपल्यांचा, पानाच्या डब्यातला सासूबाईंचा, रात्रभर पाण्यात ठेवून वरची निवळ घेतली. सासूबाईंना वाटलं पान लावणार.

गॅस आत जाऊन हलवायला लागली तशी निवळी ताकासारखी पांढरी झाली. पाच मिनिटांनी बालदीत तोंड बुडवून बोट काढलं, पाणी सरकन वर चढलं. १० चे साडेसहा राहिले. दुसऱ्यांदा केलं तेव्हा सहा आणि वर एक रेघ. बाय म्हणते पहिल्या वेळी मुठीत धरली होती, म्हणून जास्त आला. मेस्त्रीकाका, तुमचं नाव तिने प्रोजेक्टमध्ये "बॉयलरवाले काका" असं टाकलंय, चालेल ना?

बॉयलर_फर्स्टक्लास

पळेल. साडेसहा आणि सहा, दोन्ही लिहा. एकच लिहून मोकळे होऊ नका.

कोकमआगळ

लिहिलेत. आता शेवटचं एक, मग मी तुम्हाला सोडते, पाऊस धरलाय आणि आमसुलं अजून बाहेर आहेत.

गणित: एका वायुरूप हायड्रोकार्बनचं पुरेशा ऑक्सिजनबरोबर ज्वलन १२७ अंश सेल्सियसला केलं. ज्वलनापूर्वीचं आणि नंतरचं एकूण आकारमान, त्याच तापमानाला आणि दाबाला मोजलेलं, सारखंच. रेणुसूत्र काढा.

मी म्हटलं यात आकडेच नाहीत, हे कसं सुटेल. बायने मला गप्प केलं. म्हणे १२७ अंशाला पाणी वाफच राहतं, म्हणून ते पण मोजायचं. आधी १ + क्ष + य/४, नंतर क्ष + य/२, दोन्ही सारखे तर य/४ = १, य = ४. क्ष दोन्हीकडून उडून गेला. मिथेन, इथीन, प्रोपाइन, काहीही चालेल. तिने वहीत लिहिलंय: "य = ४. क्ष साठी माहिती अपुरी."

असं उत्तर लिहिलेलं चालतं का?

खडू_आणि_फडकं

तिचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि असं लिहायला धाडस लागतं. पण ताई, फोटो पुन्हा एकदा बघा. या गणितात पोटॅशची एक ओळ असतेच. पुढच्या पानावर गेली असेल.

कोकमआगळ

होती.